आई कोणाकडे राहणार? बडोद्यातल्या एका घराची केस

सोशल वर्क शिकत होते तेव्हा केस लिहायची म्हणजे पहिल्या पानावर "कुटुंबाची पार्श्वभूमी" असा मथळा टाकायचा आणि मग घरात माणसं किती, कमावती किती, खोल्या किती असं मोजत बसायचं. इथे पंचाईत अशी आहे की कुटुंब माझंच आहे. दोन भाऊ, त्यांच्या दोन बायका, दोन लेकरं, एक आई. आणि मी नणंद, म्हणजे मी निष्पक्ष वगैरे आहे असं समजून वाचू नका. सगळ्यांना विचारून लिहितेय. थोरलीने एकच अट घातली की आकडे गोल करून लिही, आणि धाकटी म्हणाली लिहा ताई, आमचे आकडे आधीपासूनच गोल आहेत.

तर घर असं. नवापुऱ्यात बाबांच्या वेळचं जुनं घर, खाली दोन खोल्या वर एक, तिथे आई आणि धाकटा भाऊ राहतो. भाऊ मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, सीएनसी मशीनवर ऑपरेटर, ठेकेदाराकडून, हातात १९,००० येतात. त्याची बायको, जिला मी इथे धाकटी म्हणतेय, तिकडेच एका पॅकिंग युनिटमध्ये जायची, हातात ११,०००. दादा आणि वहिनी गोत्रीला फ्लॅटमध्ये. दादा इंजिनिअर, ९०,०००. वहिनी, म्हणजे थोरली, एका प्रायव्हेट बँकेत, ७०,०००. एकाच आईच्या दोन पोरांच्या घरात पाचपटीचा फरक कसा पडला ती वेगळी गोष्ट आहे, धाकट्याच्या दहावीच्या वर्षी बाबा गेले एवढंच सांगते.

दादाची चिऊ ऑगस्ट २०२१ची, धाकट्याचा बंड्या मे २०२२चा. नऊ महिन्यांचं अंतर. एकच आजी, एकच गाव, डोळे तर दोघांचे हुबेहूब बाबांसारखे. या दोघांना पहिली चार वर्षं दिवसभर सांभाळलं कोणी, एवढीच केस आहे. शिकवलं कोणी हे विचारत नाहीये, ते सगळेच विचारतात. आणि मला जे दिसलं ते आधीच सांगून टाकते, लोक फीबद्दल बोलतात पण पैशाने खरं काय विकत मिळतं तर तास. फुकटची सोय आहे आपल्याकडे, ती बंद होते त्या वेळेला कामावर गेलेली बाई मुलाला आणायला येऊ शकत नाही एवढंच.

बाळंतपणापासून सुरू करू

थोरलीला २६ आठवडे भरपगारी रजा मिळाली. १९६१च्या कायद्यात आधी १२ आठवडे होते, २०१७ला पहिल्या दोन मुलांसाठी २६ झाले. तेव्हा तिचा पगार ६०,००० होता, म्हणजे सहा महिन्यांचे ३,६०,००० घरी बसून आले. मला त्यात काही गैर वाटत नाही हं, हक्कच आहे तो, आणि घरी बसून म्हणजे काय तर रात्रभर जागून सकाळी पुन्हा बाळाच्या टाळूला तेल घालायला तीच उभी.

कागदावर धाकटीलाही हेच मिळायला हवं होतं. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना ईएसआयमधून, म्हणजे कामगार विम्यातून, २६ आठवड्यांचे पैसे मिळतात, अट अशी की आधीच्या दोन कॉन्ट्रिब्युशन पिरियडमध्ये, म्हणजे सहा-सहा महिन्यांच्या दोन टप्प्यांत, मिळून ७० दिवसांचं कॉन्ट्रिब्युशन भरलेलं पाहिजे. सत्तर दिवस म्हणजे काहीच नाही, ती तर वर्षभर लाइनवर उभी होती. पण मधे ठेकेदार बदलला, नव्याने नाव चढवायला महिने लावले, जुन्याने कापलेले पैसे भरलेच नव्हते हे नंतर कळलं, आणि सातव्या महिन्यात पाय सुजायला लागले तेव्हा तिने भांडण्यापेक्षा घरी बसणं पसंत केलं. त्या अवस्थेत कोण जाणार होतं खेपा घालायला. पहिल्या बाळाचे मातृ वंदना योजनेचे ५,००० मिळाले, तेही हप्त्याने. बाळंतपण धुळ्याला माहेरी झालं.

आता हिशोब करा. पगारात फरक पाचपट, बाळंतपणात बहात्तरपट. मला हा आकडा काढल्यावर दोन दिवस नीट झोप नव्हती लागली, कारण मी इतकी वर्षं समजत होते की सरकारी सोयी असल्या की फरक थोडा तरी कमी होत असेल.

आई कुठे गेली

फेब्रुवारी २०२२ला थोरलीची रजा संपली आणि आई सोमवार ते शुक्रवार गोत्रीला राहायला गेली. कोणी ठरवलं नाही, मीटिंग झाली नाही, दादा रविवारी गाडी घेऊन आला आणि आईची बॅग भरलेली होती. कारण उघड होतं. आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्या दादा आणतो, लाइट बिल दादा भरतो, आणि सहा महिन्यांच्या बाळाला परक्याच्या हातात द्यायला थोरली तयार नव्हती. तेव्हा बंड्या पोटात होता. धाकटी घरीच असणार, तिला काय गरज, असं सगळ्यांनी धरून चाललं, मीसुद्धा.

आई म्हणजे काय तर पहाटे उठून नाचणीचं सत्व, दुपारी मऊ भात, मांडीवर घेऊन "अडगुलं मडगुलं", संध्याकाळी खाली बागेत, आणि दिवसभर सतत बोलणं, आईला गप्प बसताच येत नाही. या सगळ्याची किंमत बाजारात लावायला गेलात तर गोत्रीच्या भागात दिवसभराची बाई ठेवावी लागली असती, आणि तीही अशी मिळाली नसती. ही मदत ज्याच्याकडे पैसे होते त्याच्याकडे गेली, आणि फुकट गेली. आपल्याकडे आजी-आजोबा आहेत म्हणून पाळणाघराची गरज नाही असं जे म्हणतात ना, त्यांनी आजी किती घरांत पुरते तेही मोजावं.

बंड्या झाल्यावर धाकटी चौदा महिने घरी होती. १९,००० मध्ये चार माणसं, त्यात आई अर्धी इकडे अर्धी तिकडे. जुलै २०२३ला ती म्हणाली आता नाही निभत, आणि त्याच युनिटमध्ये पुन्हा लागली. सकाळी साडेआठला घर सोडायचं, ९ ते ६ ड्युटी, शेअर रिक्षाने यायला सात वाजायचे. बंड्या गेला पोळीतल्या, म्हणजे गल्लीतल्या, एका मावशींकडे, महिना १,५००.

मावशींबद्दल नीट लिहायला हवं, कारण अशा ठिकाणांबद्दल एकतर लोक नाकं मुरडतात नाहीतर गोड गोड लिहितात. साठीच्या आसपासच्या विधवा बाई, एकच खोली, त्यात पाच-सहा मुलं, सगळ्यात लहान आठ महिन्यांचं आणि मोठं चार वर्षांचं. खोली स्वच्छ. मुलं घरून डबा नेणार, मावशी भरवणार. एका हुकाला घोडियुं बांधलेलं, इकडे पाळण्याला तेच म्हणतात आणि पाळणाघराला घोडियाघर, तर त्या दोरीला एक पाय लावून त्या शेंगा सोलत बसायच्या. टीव्ही सकाळपासून चालू. माया होती, खोटं नाही बोलत, बंड्याला ताप आला तर कपाळावर पट्ट्या ठेवत बसल्या होत्या. पण एक बाई सहा पोरांशी बोलणार किती? नऊ हजार महिना मिळायचे त्यांना, सगळी घरं भरली तर, आणि त्यातही कोणी दोन महिने दिलेच नाहीत असं व्हायचं.

बंड्या बावीस महिन्यांचा झाला तरी चारच शब्द बोलायचा. त्यातला एक "चलो", टीव्हीवरचा. चिऊ त्या वयात "आजी मला गोष्ट सांग ना" म्हणायची. कान तपासले, डॉक्टर म्हणाले कान उत्तम आहेत, याच्याशी बोला. माझी एक मैत्रीण आमच्याच सयाजीराव युनिव्हर्सिटीत होम सायन्सला होती, तिथल्या चेतन बालवाडीत तिने प्रॅक्टिकल केलेली, ती म्हणाली अगं मूल बोलतं ते त्याला उत्तर मिळतं म्हणून. नव्या शिक्षण धोरणात २०२० साली लिहिलंय की मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते, ते वाक्य मी धाकटीला वाचून दाखवलं आणि लगेच पस्तावले. तिने विचारलं, मग मी काय करू ताई, काम सोडू? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गुढीपाडवा

२०२४चा पाडवा, ९ एप्रिल, सगळे नवापुऱ्यात जेवायला. श्रीखंड-पुरी झाली, पुरुष लवंडले, आणि मी विषय काढला. म्हटलं आई आता बंड्याकडे राहू दे, चिऊ अडीच वर्षांची झालीय, ती डे-केअरला राहू शकते. थोरली गप्प. दादा म्हणाला तिला अजून सवय नाहीये. धाकटी स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. शेवटी आईनेच तोड काढली, मंगळ-बुध-गुरु गोत्रीला, बाकीचे दिवस इथे. सत्तरीला टेकलेली बाई कॅलेंडरवर स्वतःचे दिवस वाटून देतेय हे बघताना मला कसंतरीच झालं, पण तोडगा चालला. आईच्या दिवसांत बंड्याला शब्द फुटायला लागले, दिवाळीपर्यंत तर त्याची बडबड थांबवावी लागायची.

चिऊच्या बाकीच्या दिवसांसाठी डे-केअर लावलं, महिना ७,५००, तीन दिवस जा नाहीतर सहा. शिवाय प्रीस्कूलची वर्षाची ४८,०००. म्हणजे दादाचे महिन्याला साडेअकरा हजार, दोघांच्या पगाराच्या सात टक्के. बंड्याच्या मावशींना पूर्वीइतकेच १,५००, ते पाच टक्के. टक्केवारी बघून कोणी म्हणेल गरिबाला तर स्वस्त पडतंय. त्याने तेवढंच घेतलं म्हणून स्वस्त पडलं. बंड्याला चिऊच्या डे-केअरला घालायचं म्हटलं असतं तर ७,५०० म्हणजे घरच्या कमाईचा चौथा हिस्सा. आणि घरात कोणी तसा हिशोब करत नाही. धाकट्याने लगेच म्हटलं, तुझ्या अकरातले साडेसात गेले, रिक्षाचे बाराशे गेले, मग जातेस कशाला? मुलाचा खर्च नेहमी आईच्या पगारातून वजा करायचा, बापाच्या नाही, हा नियम कुठल्या शास्त्रात आहे देव जाणे पण पाळतात सगळे. थोरलीकडेही हाच हिशोब होतो बरं का, फक्त तिच्या ७०,००० मधून वजा केल्यावर भरपूर उरतं म्हणून तो हिशोब कोणी मोठ्याने करत नाही.

धाकट्याला मी खलनायक करत नाहीये. नाइट शिफ्ट करून आला की सकाळी तासभर तरी तोच बंड्याला घ्यायचा, डोळे मिटत असायचे त्याचे. पण देशाचा २०१९चा टाइम यूज सर्व्हे बघितला तर घरातल्या माणसांची देखभाल करणाऱ्यांत बायका दिवसाला १३४ मिनिटं देतात आणि पुरुष ७६, आणि आमच्या दोन्ही भावांना मी त्या ७६च्या आतबाहेरच धरते. या बाबतीत पगाराने काही फरक पडलेला दिसला नाही.

घड्याळ

आता प्रश्न येतो की आंगणवाडी होती ना. होती. घरापासून चार मिनिटांवर. बंड्या तीन वर्षांचा होईपर्यंत तिथून बालशक्तिची, म्हणजे पोषण आहाराची, पाकिटं यायची, बसायला तीनच्या पुढची मुलं. जून २०२५ पासून तो जायला लागला आणि मी खरंच सांगते, चांगली आहे ती. गाणी, ठोकळे, गरम नाश्ता, वजन-उंची दर महिन्याला. तेडागर बेन घरोघर जाऊन मुलं गोळा करून नेतात, गुजरातीत मदतनीसीला तेडागर म्हणतात, तेडवं म्हणजे घेऊन जाणं, कडेवर घेणं, किती छान शब्द आहे. त्या बेनला गुजरातमध्ये ५,५०० मानधन आणि मुख्य कार्यकर्तीला १०,०००, २०२२ला वाढवल्यानंतरचे हे आकडे. यांना ग्रॅच्युइटी मिळावी की नाही यासाठीसुद्धा दाहोदच्या बायकांना सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं आणि २०२२च्या एप्रिलमध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्यांची ही कथा, मावशींची तर कुठे नोंदच नाही.

पण आमच्या इथली आंगणवाडी साडेनऊला भरते आणि दीडच्या सुमाराला मुलं घरी. धाकटी साडेआठला निघायची, सातला यायची. म्हणजे साडेदहा तासांतले चार तास आंगणवाडीने भरले, उरलेल्या साडेसहा तासांसाठी कोणीतरी पाहिजेच, आणि ते कोणीतरी असेल तर मग ते चार तास पण तेच सांभाळेल ना. हे सगळं घरी असलेल्या आईच्या मापाने कापलंय. २ ऑक्टोबर १९७५ला ही योजना सुरू झाली, पन्नास वर्षं झाली, आंगणवाडी हे नाव ज्यांच्या कामातून आलं त्या ताराबाई मोडकांनी कोसबाडला अनुताई वाघांबरोबर काय केलं होतं आठवा, मुलं गुरांमागे कुरणात जातात म्हणून शाळेत येत नाहीत तर शाळाच कुरणात नेली, आणि मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहतात म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात घातली. म्हणजे आधी घरच्यांचं घड्याळ बघितलं. आपण नाव घेतलं आणि घड्याळ तिथेच ठेवून आलो.

सरकारचं घोडियाघर नाहीच असंही नाही. पूर्वीची राजीव गांधी क्रेश योजना, २००६ची, तीच पुढे नॅशनल क्रेश स्कीम झाली आणि आता पाळणा या नावाने आंगणवाडीला जोडलेली आहे, सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, दिवसाला साडेसात तास, महिन्याचे २६ दिवस. नॅशनल क्रेश स्कीममध्ये तर बीपीएल घराला महिना २० रुपये, बारा हजारांपर्यंत कमाईवाल्यांना १००, वरच्यांना २०० असे दर ठरवले होते. धाकटीने आंगणवाडीत विचारलं तर बेन म्हणाल्या ते आपल्या सेंटरला नाही. असतं तरी साडेसात तास. तिची नुसती ड्युटीच नऊ तासांची, जेवणाची सुट्टी धरून. अहमदाबादला सेवा या कामकरी बायकांच्या संघटनेतल्या बायकांनी स्वतःची सहकारी मंडळी काढून कामकरी आयांसाठी दिवसभराची बालकेंद्रं चालवली आहेत, म्हणजे जमतं, करणाऱ्याला जमतं.

आणि कंपनीचं पाळणाघर? इथे मला हसू येतं. मॅटर्निटीच्या कायद्यात २०१७ पासून ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं होतं. १९४८च्या फॅक्टरीज ॲक्टमध्ये ३० पेक्षा जास्त बायका असल्या तर. धाकटीच्या युनिटमध्ये माणसं ३४, त्यात बायका २६. दोन्ही आकड्यांच्या खालून व्यवस्थित निसटलेलं. मुद्दाम ठेवलं असेल का हे मला माहीत नाही, पण मकरपुऱ्यात अशी छोटी युनिटं ओळीने आहेत, भिंतीला भिंत लावून, चार युनिटांच्या बायका एकत्र मोजल्या तर शंभर होतील, पण कायदा एका शटरच्या आतल्याच मोजतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झाले, त्यातही आकडा ५०च आहे. थोरलीच्या बँकेत पॉलिसी आहे, ती कधी वापरली नाही तिने, आई होती ना.

आईचा हात

गेल्या वर्षी गणपतीच्या आठवडाभर आधी आई बाथरूममध्ये घसरली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, पुढे व्यायाम, वजन उचलायचं नाही. दिवस सोमवार होता म्हणून नवापुऱ्यात पडली, मंगळवार असता तर गोत्रीला पडली असती, अपघात दोन्ही घरांना सारखाच झाला.

गोत्रीला काय झालं तर दादाने तीन दिवस सुट्टी काढली, थोरलीने दोन दिवस घरून काम केलं, डे-केअरला फोन करून सहाही दिवस लावले, ज्याचे पैसे आधीपासून भरतच होते, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारून संध्याकाळसाठी आणि आजारपणासाठी एक बाई ठेवली, ९,०००. आठवड्याभरात घडी बसली. चिऊने चार दिवस रडारड केली, मग तिला डे-केअरमधली एक मैत्रीण मिळाली.

नवापुऱ्यात धाकटीने काम सोडलं. मावशी तोवर लेकीकडे सुरतेला गेल्या होत्या, दुसरं कोणी नव्हतं, शिवाय आईला आंघोळ कोण घालणार, वेणी कोण घालणार. सुपरवायझरला तिने महिनाभर थांबा म्हटलं, तो म्हणाला जागा ठेवता येत नाही. बस. सप्टेंबर ते जानेवारी पाच महिने, ५५,००० रुपये गेले, आणि पाचपटीचा फरक सव्वाआठच्या वर गेला. केस शिकताना आम्हाला सांगायचे की संकट कोणावरही येतं, ते किती दिवस टिकतं ते बघा. इथे एका घरात आठवडा टिकलं, दुसऱ्या घरात अजून चालू आहे. आणि पेस्लिपमध्ये पडलेलं हे खिंडार भरायला पाच महिने नाही पुरत, परत लागली की नवी म्हणूनच लागणार, पुन्हा ते ७० दिवस शून्यापासून.

आता धाकटी घरी खाखरे शेकते. दुपारी आई झोपली की तवा आणि कपड्याचा दट्ट्या घेऊन बसते, किलोवर पैसे, सगळं धरून महिन्याला दोन-अडीच हजार. बंड्या दीडला आंगणवाडीतून येतो आणि तव्याजवळ येऊ नको म्हणून त्याला उंबऱ्याच्या पलीकडे बसवून ठेवलेलं असतं.

एक गंमत सांगायची राहिली. गुजरातमध्ये २०२३ पासून पहिलीला १ जूनला सहा पूर्ण पाहिजेत. चिऊला ऑगस्ट २०२७ला सहा पूर्ण, म्हणजे जून २०२७ला नाही बसत. बंड्याला मे २०२८ला. म्हणजे दोघं एकाच जूनमध्ये, २०२८च्या, पहिलीत. सरकारच्या वहीत एकाच वयाची मुलं. मोफत आणि सक्तीचं शिक्षण तिथून सुरू, आरटीईची, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याची, खाजगी शाळांतली २५ टक्क्यांची राखीव जागाही गुजरातमध्ये पहिलीलाच, आणि उत्पन्नाची मर्यादा २०२५ला सहा लाख झाल्यामुळे बंड्याचा नंबर लॉटरीत तरी लागू शकतो, चिऊच्याच शाळेतसुद्धा. सहाच्या आतल्यांसाठी त्या कायद्यात सरकार व्यवस्था "करू शकेल" एवढंच आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ला अमरेलीत आणि १९०६ला पूर्ण राज्यात सक्तीचं शिक्षण आणलं त्याचा आम्हा बडोदेकरांना केवढा अभिमान, आणि असायलाच हवा. पण मग बंड्याच्या पहिलीच्या बाईंना दोन मुलं शेजारी-शेजारी बसलेली दिसतील, एकीच्या मागे प्लेग्रुप, नर्सरी, केजी आणि आजीचे दोन वर्षांचे सोमवार ते शुक्रवार असतील, हे त्यांना कसं दिसणार.

संक्रांतीनंतर

उत्तरायण झालं आणि गोत्रीची बाई गावी गेली ती आलीच नाही. दादा आईला न्यायला आला, हात तर बरा झालाय म्हणाला. आईने पहिल्यांदाच नाही म्हटलं. "मी आता कुठे जाणार नाही, ज्याला पोर ठेवायचंय त्याने इथे आणून ठेवा." मग व्हॅन लावली, चिऊ दुपारी साडेबाराला प्रीस्कूलमधून थेट नवापुऱ्याला येते, डे-केअर बंद. बंड्या खुश, दोघांचं तुफान चालतं. आई पलंगावरून गोष्टी सांगते, पण जेवू घालणं, शी-शू, पडलं-झडलं, सातपर्यंत सगळं धाकटीच्या अंगावर, खाखरे आता रात्री.

पंधरा दिवसांनी थोरलीचा मला फोन आला. म्हणाली, मी तिला महिन्याला सहा हजार द्यायचे म्हणतेय, तिला वाईट वाटेल का गं? मी म्हटलं मला नको विचारूस, तिला विचार. तिने खरंच विचारलं, शनिवारी येऊन, सगळ्यांसमोर, आणि घर एकदम चिडीचूप झालं. धाकटा उठून बाहेर गेला. आई म्हणाली, "घरातल्या घरात पैसे? पुतणीला सांभाळायचे पैसे घेणार आता?"

धाकटी कणीक मळत होती, हात न थांबवता म्हणाली, "आई, तिकडच्या बाईला नऊ देत होते."

आई तिच्याशी तीन दिवस बोलली नाही. सहा नाही, सात ठरले, आणि रविवारी सुट्टी. परवा एक तारखेला पैसे आले, मला धाकटीने मोबाइल दाखवला, खाली थोरलीने लिहिलं होतं "चिऊ फी". धाकटी म्हणाली, बघा ताई, पेस्लिप.